आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

चाकांवर चालणाऱ्या नव्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याची उत्सर्जन मानके लागू झाली. चौथा टप्पा एप्रिल २०२१ मध्ये आला होता. लोडर, ग्रेडर, सरसकट ‘जेसीबी’ म्हणून ओळखली जाणारी खोदयंत्रे, या सर्वांच्या धुरावर त्यामुळे कठोर बंधने आली. हवेची काळजी वाहणाऱ्या कोणाही नागरिकाने या निर्णयाचे स्वागतच करावे. परंतु कायद्याने इंजिन बदलले म्हणून ते दुरुस्त करणाऱ्याचे ज्ञान आपोआप बदलत नाही. या दोहोंतील अंतराची किंमत आज कोण मोजतो, हा प्रश्न उत्सर्जनाच्या चर्चेत फारसा कोणी विचारीत नाही.

हे अंतर सर्वांत ठळकपणे दिसते ते इंधनदाबाच्या बिघाडात. रिकामे असताना सुरळीत चालणारे यंत्र भरलेली बादली उचलताना मान टाकते. सकाळी लवकर सुरू होत नाही. कधी चालता चालता बंद पडते. चालकापुढील पडद्यावर बिघाडाचा सांकेतिक क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ एवढाच, की दाब हवा तेवढा नाही. मेकॅनिक येतो, क्रमांक पाहतो आणि महागडा उच्चदाब पंप बदलण्याचा सल्ला देतो. पंप बदलला जातो आणि चार दिवसांनी तेच दुखणे पुन्हा उद्भवते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

ताप म्हणजे रोग नव्हे

असे का होते हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. जुन्या यांत्रिक पद्धतीत इंजेक्टरची सुई साधारणत: दोनशे बारच्या आसपास दाबाला उघडत असे. मोटारीच्या टायरमध्ये सुमारे दोन बार दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तोही काही थोडा नव्हे. आजच्या बहुतेक इंजिनांत मात्र ‘कॉमन रेल’ पद्धत आहे. तीत पंप सर्व इंजेक्टरांसाठी एकाच नळीत डिझेल साठवितो आणि तेथील दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ दोन टनांचा भार. हा दाब पेलणाऱ्या भागांतील फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. डोक्याचा केस त्यांच्यापुढे दोरखंड ठरावा. पिंपातून हातपंपाने भरलेल्या डिझेलबरोबर आलेली धूळ किंवा पावसाळ्यात टाकीत साचलेले पाणी या सूक्ष्म भागांची किती हानी करीत असेल, याची कल्पना यावरून यावी.

दाब कमी असल्याची सूचना म्हणजे अंगात ताप असल्याची सूचना. ताप हिवतापाचा की विषमज्वराचा, हे तापमापक सांगत नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले, चोखनळीचा सांधा सैल होऊन हवा आत आली, गाळणी तुंबली, टाकीकडून डिझेल आणणारा लहान पंप थकला, तरी पुढील मोठ्या पंपाला पुरेसे डिझेल मिळत नाही. पंप ठणठणीत असूनही एखादा झिजलेला इंजेक्टर अवाजवी डिझेल टाकीकडे परत सोडीत असेल, किंवा रेलवरील सुरक्षा-झडप एकदा उघडून पुन्हा घट्ट बसली नसेल, तर दाब टिकत नाही. कधी तर दाब योग्यच असतो, तो सांगणारा संवेदकच खोटे बोलत असतो. लक्षण एक आणि कारणे अर्धा डझन!

म्हणून निदानाचा क्रम ठरलेला आहे आणि तो स्वस्ताकडून महागाकडे जातो. प्रथम डिझेल आणि पाणी वेगळे करणारी वाटी पाहावी. नळीत पारदर्शक तुकडा बसवून हवेचे बुडबुडे येतात का, ते तपासावे. गाळणीच्या पुढे व मागे दाब मोजावा. इंजिन थंड व बंद असताना संवेदक शून्याच्या जवळपास आकडा दाखवितो का, हे बघावे. यंत्रावर पूर्ण भार देऊन संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची तुलना करावी. प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे डिझेल वेगवेगळ्या मापपात्रांत धरले, की गळणारा कोणता हे कळते. एवढे सारे निर्दोष ठरल्यावरच संशयाची सुई मोठ्या पंपाकडे वळावी. प्रत्यक्षात सुरुवातच तेथून होते.

जुने ज्ञान येथे केवळ अपुरे नव्हे, घातकही ठरते. चालू इंजिनात इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्याची जुन्या मेकॅनिकांची रीत होती. कॉमन रेलवर तोच प्रयोग केला, तर सुटणारी बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गुरूने शिकविलेली विद्याच शिष्याच्या जिवावर उठावी, असा हा बदल आहे.

अज्ञानाचे अर्थशास्त्र

पंप बदलणाऱ्या मेकॅनिकला लबाड म्हणून प्रश्न सुटत नाही. विकणाऱ्याला मालाची जाण अधिक आणि घेणाऱ्याला कमी असेल, तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले. येथे तर विकणाऱ्याजवळही पुरेशी माहिती नाही. दाबाचे प्रमाणित आकडे आणि संगणकाशी बोलणारे उपकरण बहुतांशी उत्पादकाच्या अधिकृत सेवेच्या हाती असते. स्वतंत्र मेकॅनिकला अंदाजावर काम भागवावे लागते. अंदाज चुकला तर भुर्दंड मालकाचा.

मालकही सर्वस्वी निर्दोष नाही. लोखंडाच्या तुकड्याला तो हजारो रुपये मोजतो. तासभर मोजमाप करून ‘पंप चांगला आहे, गाळणी बदला’ असे सांगणाऱ्याला मात्र मजुरी द्यायला कुरकुरतो. विचाराला दाम नसेल तर विचार कोण करील? साहजिकच सुटे भाग विकण्यातच कमाई उरते. एकदोन यंत्रे कर्जाने घेऊन भाड्याने देणाऱ्या लहान मालकाचा हप्ता यंत्र बंद पडले म्हणून थांबत नाही. चालकाचा रोज बुडतो, काम रखडते. शिवाय डिझेल नीट न जळणारे इंजिन काजळी ओकते आणि नव्या यंत्रांतील काजळी अडविणारी गाळणी तुंबते. ज्या स्वच्छ हवेसाठी कायदा झाला, तिलाच अखेर बाधा येते.

वाचणे वेगळे, बदलणे वेगळे

या प्रश्नाची जाण शासनाला नाही असे नव्हे. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना न देणे स्पर्धेस मारक आहे, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांच्या प्रकरणात दिला आणि अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. तो वाद पुढे अपिलात गेला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्यापुढील क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी होत्या. बांधकाम यंत्रांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. अमेरिकेत शेतीयंत्रांच्या दुरुस्तीवरील निर्बंधांवरून तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या उत्पादकाला न्यायालयात खेचले.

उत्पादकांचा आक्षेप असा, की संगणक खुला केल्यास धुरावरील नियंत्रणात फेरफार होतील. ही भीती निराधार नाही. परंतु आकडे वाचणे वेगळे आणि ते बदलणे वेगळे. रक्ततपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती दिला म्हणजे शस्त्रक्रियेची सुरीही दिली, असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा यंत्राला मान्यता देतानाच दाबाचे प्रमाणित आकडे आणि ते वाचणारे उपकरण रास्त किमतीत उपलब्ध करण्याची अट उत्पादकावर घालावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात कॉमन रेलचे निदान प्रत्यक्ष दाबमापक हाती देऊन शिकवावे आणि त्याची पुस्तिका मराठीत असावी. दुरुस्तीच्या बिलात निदानाची मजुरी वेगळी दाखविण्याचा प्रघात पडावा. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. यंत्र आधुनिक करणे पैशाने साधते. त्याची काळजी घेणारा माणूस मात्र शिकवूनच तयार करावा लागतो. ते झाले नाही, तर कायदा पाचव्या टप्प्यावर पोहोचेल आणि कारागीर पहिल्याच पायरीवर उभा राहील.