अत्यवस्थ पेशंटच्या छातीवर सोनोग्राफी कशासाठी?

मैत्रिणींनो, सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती दिवस गेलेली बाई! त्यामुळे अतिदक्षता विभागात डॉक्टर एखाद्या आजोबांच्या छातीवरून, पोटावरून तेच यंत्र फिरवू लागले की घरची मंडळी गोंधळतात. "बिल वाढवायला तर नाही ना?" अशी कुजबुजही सुरू होते. म्हणून आज थोडं त्याविषयी.

आपल्या घरचा नळच घ्या ना. धार बारीक झाली तर गच्चीवरची टाकी रिकामी असेल, पंप बिघडला असेल, पाइपात काही अडकलं असेल, नाहीतर खालचे सगळे नळ एकदम सोडलेले असतील. रक्तदाब उतरतो तेव्हाही असंच असतं. जुलाब-उलट्यांनी किंवा रक्त गेल्याने टाकी रिकामी होते. हृदयविकाराच्या झटक्याने पंप दुबळा होतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की वाट बंद होते. आणि जंतूंचं इन्फेक्शन अंगभर पसरलं की रक्तवाहिन्या सैल पडतात. वरून दिसताना पेशंट साधारण सारखाच दिसतो: नाडी जलद, लघवी कमी, माणूस गुंगीत. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा!

इथे हे यंत्र उपयोगी पडतं. आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते आत सोडतं आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतं. यात क्ष-किरण नसतात. १९५३ साली स्वीडनमध्ये डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी या रीतीने हृदयाची हालचाल प्रथम टिपली, तीसुद्धा धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्राने! आता पेशंटला न हलवता, खाटेपाशीच काही मिनिटांत डॉक्टर पाहू शकतात: हृदय नीट आकुंचन पावतंय का, त्याच्याभोवती पाणी साठलंय का, यकृतामागची मोठी शीर भरलेली आहे की श्वासागणिक चपटी होते, फुप्फुसात पाणी आहे का. अर्थात एकट्या शिरेवरून निर्णय होत नाही. रक्तदाब, लघवी, रक्ततपासणी हे सगळं जोडून बघावं लागतं. बघणाऱ्याचा हातही सरावाचा हवा.

आता आपल्या आवडत्या सलाइनबद्दल. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंचे सासरे धापा टाकत दवाखान्यात गेले. "अशक्तपणा आलाय, सलाइन लावा," म्हणून घरच्यांनी धोशा लावला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पाहिलं, तर हृदय दमलेलं आणि फुप्फुसात पाणी! सलाइनऐवजी त्यांनी लघवी होण्याचं औषध दिलं, नि आजोबांना हळूहळू उतार पडला. अहो, अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाच्या चमच्याभराहून थोडं कमीच. बाकी सगळं पाणी. शरीर कोरडं पडलेल्याला ते अमृत, पण दुबळ्या हृदयाला ओझं.

मग आपण काय करायचं?

● घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची नावं आणि जुने आजार (हृदय, मूत्रपिंड, मधुमेह) एका वहीत लिहून ठेवा. घाईत निघताना ती वही आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या.

● शेवटची लघवी कधी झाली, जुलाब-उलट्या किती झाल्या, पायांना सूज होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

● सलाइनचा हट्ट धरू नका. त्याऐवजी शांतपणे विचारा, "डॉक्टर, हृदयाचं काम कसं चाललंय? फुप्फुसात पाणी आहे का? सलाइनची गरज आहे का?"

● माणूस असंबद्ध बोलू लागला, हातपाय गार पडले, बराच वेळ लघवी झाली नाही, तर घरी लिंबू-सरबत पाजत बसू नका. तडक इस्पितळ गाठा.

ती वही मात्र आज दुपारचं आवरलं की लगेच करायला घ्या. पेशंटशेजारी उभं असताना भल्याभल्यांना गोळीचं नाव आठवत नाही!