मोठ्यांचीं घरकुलें

गेल्या आषाढांत एके दुपारीं जुन्या नाशकांतील आमच्या वाड्याच्या दिंडीपाशीं एक तरुण पार्सल घेऊन उभा राहिला. खोकें चांगलें हातभर लांब, आणि हलविलें कीं आंतून वाळल्या शेंगांसारखा खुळखुळ आवाज येई. सही घेतां घेतां त्यानें सहज विचारलें, "नातवंडांचें खेळणें वाटतें, आजोबा?" आम्हीं "हो, हो" म्हणून मान डोलविली आणि खोकें बगलेंत मारून जिना चढलों. वाचकहो, ती थाप होती. खेळणें खरें, नातवंडांचें मात्र नव्हे. तें आमचें होतें.

ही गोष्ट या पानावर लिहावी कीं नाहीं याचा आम्हीं बरेच दिवस विचार केला. घरांतील शिस्त, मुलांचें संगोपन, खर्चाचा ताळेबंद अशा विषयांवर दरमहा चार शब्द लिहिणाऱ्या मनुष्यानें साठीच्या उंबरठ्यावर प्लॅस्टिकच्या विटांचीं घरें बांधीत बसावें, हें सर्वांनाच रुचेल असें नाहीं. परंतु एकदां थाप मारल्यावर ती निस्तरण्यास कबुलीवांचून दुसरा उपाय उरत नाहीं.

या विटांस लेगो म्हणतात, हें शाळकरी मुलांस सांगावें लागत नाहीं. वडीलधाऱ्यांसाठीं मात्र दोन शब्द हवेत. डेन्मार्क देशांतील बिलुंड या खेड्यांत ओले कर्क क्रिस्तियानसेन नांवाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरबांधणीचीं कामें मिळेनाशीं झालीं तेव्हां, १९३२ सालीं, त्यानें लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला, आणि दोन वर्षांनीं 'छान खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचे तुकडे जोडून आपल्या धंद्यास नांव दिलें. प्लॅस्टिकची वीट आली ती १९४९ सालीं. तीहि सर्वस्वीं त्याच्या डोक्यांतून निघालेली नव्हे, हिलरी पेज नांवाच्या इंग्रज गृहस्थाच्या विटेवरून ती घेतलेली होती. ही वीट खालून नुसती पोकळ असल्यामुळें रचलेली भिंत उचलूं गेल्यास ती हातांत सुटून येई. पुढें सुताराचा मुलगा गोटफ्रेड कारखाना पाहूं लागला, आणि विटेच्या पोकळींत नळ्या बसविण्याची युक्ति निघाली. खालच्या विटेवरचीं बटणें या नळ्यांच्या आणि बाजूंच्या मध्यें घट्ट धरलीं जाऊं लागलीं. २८ जानेवारी १९५८ रोजीं या युक्तीचें पेटंट मागण्यांत आलें. त्या सालची वीट कोणाच्या माळ्यावर सांपडली तर ती आजच्या विटेवर बिनतक्रार बसते. आमच्या घरांतील डब्यांचीं झांकणें दोन वर्षांपूर्वींच्या डब्यांना बसत नाहींत, हें येथें सहज आठवलें.

घरांत आमच्या या छंदाविषयीं एकमत आहे, आणि तें आमच्या विरुद्ध आहे. थोरल्या वहिनींनीं पहिल्याच दिवशीं "शिंगें मोडून वासरांत शिरणें म्हणतात तें हें" असा निकाल दिला. त्यांचा राग समजण्याजोगा आहे, कारण बारीक तुकडे वेगळाले ठेवण्यास सोईचा म्हणून आम्हीं त्यांचा जुना मिसळणाचा डबा न विचारतां उचलला होता. (विटा रंगावरून निवडूं नयेत, आकारावरून निवडाव्यात, ढिगांतून रंग तेव्हांच दिसतो, आकार दिसत नाहीं. नवशिक्यांस हें उशिरा कळतें.) थोरले बंधु पहांटे देवघरांत जात असतांना अशीच एक वीट त्यांच्या अनवाणी पायाखालीं आली, आणि त्या दिवशीं देवांस स्तोत्राऐवजीं निराळेंच कांहीं ऐकावें लागलें. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र खर्चाचा. परदेशी खेळण्यांवरील जकात सरकारनें २०२० सालीं शेंकडा २० वरून ६० वर नेली आणि २०२३ सालीं ७० वर, या देशांत असल्या खोक्याला पडणारी किंमत ऐकून ते म्हणाले, "एवढ्यांत पडवीचीं कौलें परतून झालीं असतीं." यावर उत्तर नाहीं. कौलें खरोखरच गळतात.

परंतु वयाचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. पोस्टाचीं तिकिटें जमविणारा गृहस्थ रसिक, जुनीं नाणीं जमविणारा संशोधक, रोज दोन तास पत्ते कुटणारा मोठा मनमिळाऊ. आणि विटा रचणारा तेवढा पोरकट, हा कोणता न्याय? दुनियेंत आमच्यासारखे पुष्कळ आहेत. त्या कंपनीनें २००८ सालीं ५९२२ तुकड्यांचा ताजमहाल विकावयास काढला, तो कांहीं बालवाडीसाठीं नव्हे. २०१७ सालीं तोच पुन्हां काढला तेव्हां त्यांत एक तुकडा अधिक होता. २०२० पासून तर ती कंपनी कांहीं खोक्यांवर '१८ वर्षें व पुढें' असें उघड छापूं लागली.

आणि या खेळांत बुद्धीला काम नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांनीं एक हिशेब करून पाहावा. दोन ओळींत मिळून आठ बटणें असलेल्या सहा एकरंगी विटा घेतल्या, तर त्या किती तऱ्हांनीं जोडतां येतील? कंपनी पुष्कळ वर्षें १० कोटि २९ लक्ष ८१ हजार ५०० असा आंकडा सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठांतील गणित्यांनीं तपासलें तेव्हां दिसून आलें कीं, तो हिशेब सहाहि विटा एकीवर एक चढविलेल्या मनोऱ्यांपुरताच होता. सर्व तऱ्हा मोजल्यास ९१ कोटि ५१ लक्ष ३ हजार ७६५ होतात. सहा विटांचे! आमच्याजवळ तीन हजारांवर आहेत.

तथापि खरें कारण गणित नव्हे. आमच्यासारख्या लेखणीवर जगलेल्या घरांत हातानें वस्तु करण्याची संवय नाहीं. सुतार आला तर त्यास बसावयास दाखवावें, चहा द्यावा, आणि काम त्यानें करावें. खिळा ठोकणें हें पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचें काम. याला अपवाद वर्षांतून एकच, तो दिवाळीचा किल्ला. आमचे वडील नाशकाच्या कोर्टांत वकिली करीत. घरांत पाण्याचा तांब्या त्यांनीं हातानें भरून घेतलेला आम्हांस आठवत नाहीं. परंतु वसुबारसेच्या दिवशीं ते धोतराचा काचा मारून अंगणांत चिखलांत बसत. "पोरांना बुरूज जमत नाहीं" असें तोंडानें म्हणत, आणि पोरें कडेला उभीं राहून गोणपाट भिजवीत, आळीव पेरीत, मातीचे मावळे पुसून देत. दोन दिवस कोणी अशील आला तर "वकीलसाहेब कामांत आहेत" असा निरोप जाई. बुरूज पोरांना चांगला जमत असे. आम्हीं स्वतः तो केला आहे. वडिलांनीं तो मोडून पुन्हां केला. सबब मुलांची, खेळ बापाचा, ही चाल महाराष्ट्रांत नवी नव्हे. दारांतल्या त्या तरुणास आम्हीं जें उत्तर दिलें तें आम्हीं घरींच शिकलों.

तेव्हां आम्हीं बांधावयास घेतला तोहि किल्लाच. ताजमहाल दुसऱ्यांनीं बांधावा. नाशिककरास रामशेज आहे. शहराच्या उत्तरेस दिंडोरीच्या बाजूला हा डोंगर एकटाच उभा आहे. १६८२ सालीं औरंगजेबाच्या फौजेनें त्यास वेढा घातला. सरदारांमागून सरदार आले, आणि वर्षें लोटलीं तरी हा लहानसा किल्ला लढून हातीं लागेना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हां लांकूड आणि कातडें यांवर गडकऱ्यांनीं निभाव लावला. उलट बाजूस पांचशें माणसें मावतील असा लांकडी दमदमा मोंगलांनीं उभारला, असें खाफीखानाच्या वृत्तांतांत येतें. दमदमा म्हणजे तरी काय? किल्ल्याहून उंच चढण्यासाठीं तुकड्यावर तुकडा रचून केलेला मनोराच.

डोंगर या विटांत बसेल कीं नाहीं ही आम्हांस धास्ती होती, कारण वीट चौकोनी आणि डोंगर तसा नसतो. परंतु सह्याद्रीची गोष्ट निराळी आहे. हा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर. पावसाळ्यांत आडगांवाकडून पाहिलें तर डोंगराच्या अंगावर पायऱ्या मोजतां येतात. या खडकास 'ट्रॅप' म्हणतात तें स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरून. डोंगराचें नांव स्वीडनचें आणि विटेचें गांव शेजारच्या डेन्मार्कांतलें. मग दोघांचें जमावें यांत नवल नाहीं. पातळ करड्या पट्ट्यांचे थर मागें-पुढें सरकवीत गेलों आणि कडा आपोआप उभा राहिला.

अडलें तें दरवाजापाशीं. बुरजाची चिरेबंदी विटेच्या बटणांमुळें खरबरीत दिसे. येथें तीं मापें कामास आलीं. दोन बटणांमधलें अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ आणि पट्टीची ३.२, तीन पट्ट्या मिळून एक वीट, इतकें पोरेंहि जाणतात. परंतु पांच पट्ट्या रचल्या तर बरोबर १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीहि तितकीच! म्हणजे पट्ट्यांची गड्डी आडवी निजवून भिंतींत चपखल बसवितां येते, आणि गुळगुळीत बाजू बाहेर येते. हें ज्या रात्रीं हातांत जमलें त्या रात्रीं अकरा वाजतां कोणास तरी सांगावें असें वाटून आम्हीं थोरल्या बंधूंचें दार वाजविलें. त्यांनीं ऐकून घेतलें. "झोप आतां," म्हणाले.

गणपतीच्या सुमारास रामशेज पुरा झाला. आम्हीं तो पुस्तकांच्या कपाटांत कांचेआड ठेवला, किल्ली जानव्याला बांधली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास लांबून दाखवूं लागलों.

वसुबारसेला अंगणांत तुळशीवृंदावनाशेजारीं पोरांचा किल्ला सुरू झाला. दुपारीं पुतण्याचा धाकटा मुलगा, वय वर्षें सात, चिखलाच्या हातांनीं वर आला. "भाऊआजोबा, तुमचा रामशेज आमच्या किल्ल्यावर ठेवूं या?" आम्हीं त्यास समजावून सांगितलें कीं माती आंत शिरेल, पट्ट्या सुटतील, एखादी हरवेल. त्यानें विचारलें, "मग तो कशासाठीं केला?" आम्हीं म्हणालों, "पाहण्यासाठीं." तो कांचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला आणि खालीं गेला. कांचेवर त्याच्या श्वासाचें धुकें आणि दोन चिखली पंजे उरले. ते आम्हीं लगेच पुसून काढले.

रात्रीं पंगतींत वहिनी भात वाढीत होत्या. आमच्या पानाशीं येऊन अगदीं शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, रामशेज मोंगलांना इतकीं वर्षें मिळाला नाहीं हें ऐकलें होतें. तुमचा तर घरच्या पोरांनाहि मिळत नाहीं." थोरल्या बंधूंना ठसका लागला. पुतणे खालीं माना घालून हंसूं लागले. आम्हीं ताक मागितलें.

आम्हांस राग आला होता, हें लपवीत नाहीं. आणि तो वहिनींचा नव्हता. वडिलांनीं आमचा बुरूज मोडला त्या दिवशींचा तो जुना राग होता. तो इतक्या वर्षांनीं भाताच्या पानावर वर आला आणि आतां मोडणाराच्या जागीं आम्ही बसलों होतों. वडील निदान आपला बुरूज अंगणांत उघड्यावर ठेवीत. त्यावर पोरें मावळे मांडीत, मांजर चढे, आणि पंधरा दिवसांत तो विरघळून जाई.

सकाळीं आंघोळ होतांच आम्हीं किल्ली सोडून दिली. चिरंजीव रामशेज जसाच्या तसा आपल्या किल्ल्यावर नेऊन ठेवतील ही आमची कल्पना. त्यांनीं पांच मिनिटांत तो फोडला. कड्याचा कालव्याचा बांध झाला, माचीची गाडीतळाची फरशी झाली, आणि माथ्यावरील मंदिर उलटें करून त्यांत हत्ती ठेवण्यांत आला. आम्ही पायरीवर बसून पाहत होतों. छातींत कसेंसेंच होत होतें. मग तो बुरजापाशीं आला, थबकला, आडव्या पट्ट्यांवरून त्यानें बोट फिरविलें आणि विचारलें, "ही आडवी कशी बसली?" आम्ही उठलों. पायजमा वर घेतला आणि चिखलांत त्याच्याशेजारीं बसलों. पांच पट्ट्या, दोन बटणें हें त्याला एकदां दाखवून पुरलें. आम्हांस तीन रात्री लागल्या होत्या. दुपारच्या जेवणाला दोनदां हांक मारावी लागली असें वहिनी सांगतात.

तुळशीचें लग्न झाल्यावर विटा गोळा केल्या, बादलींत रिठ्याच्या कोमट पाण्यानें धुतल्या (कढत पाणी घालूं नये, विटा वांकतात), आणि गच्चींत जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या. निवडतांना एक वीट अशी निघाली कीं तिच्या खालच्या पोकळींत माती घट्ट बसून आळिवाचीं तीन रोपें उगवलीं होतीं, नळ्यांच्या कडेनें वाट काढून. ती धुवूं द्यावयास चिरंजीव तयार नाहींत. सध्यां ती आमच्या लिहिण्याच्या मेजावर खिडकीशीं आहे, आणि तिला रोज सकाळीं चमच्यानें पाणी घालण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.