केसपेपरवरची पहिली ओळ

पोळा झाला की वऱ्हाडात पराटीवर फवारे सुरू होतात आणि पाठोपाठ आपल्या दवाखान्यांत ठरावीक पेशंट येऊ लागतात. सकाळपासून फवारा मारलेला, गळक्या पंपाने पाठ ओली झालेली, घामाने आणि औषधाने भिजलेला शर्ट तसाच अंगावर. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, कुठेही जा, ऑगस्ट ते ऑक्टोबर चित्र हेच. अशा पेशंटच्या केसपेपरवर पहिला डॉक्टर बहुतेक वेळा घाईत ‘अज्ञात विषबाधा’ एवढेच लिहितो आणि पेशंट पुढे पाठवतो. या दोन शब्दांची किंमत फार मोठी आहे.

२०१७ चा हंगाम आपण कोणीच विसरलेलो नाही. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले, शेकडो दाखल झाले. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले आणि मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस झाली. पुढे २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश काढला. पण त्या हंगामात कोणाला नेमक्या कोणत्या औषधाची बाधा झाली, हे अनेक पेशंटांच्या बाबतीत कायमचे अंधारात राहिले. कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा नव्हती, आणि औषधाचे नाव विचारून लिहून ठेवण्याची सवय आपल्यालाही नव्हती.

नाव का हवे? कारण उपचार त्यावर ठरतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फरस कुळातली. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम, मंद नाडी, छातीत घरघर दिसली की ॲट्रोपिन चढवायचे, हे आपल्याला पाठ आहे. पण डायफेन्थियुरॉनचा घाव पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर बसतो आणि इमिडाक्लोप्रिड निकोटिनिक रिसेप्टरवर काम करते. या दोघांवर ॲट्रोपिनचा उतारा नाही. अशा पेशंटला सवयीने ॲट्रोपिन देत राहिलो तर तो बरळू लागतो, ताप चढतो, लघवी अडते, आणि आपण ते विषाचेच लक्षण समजून मात्रा आणखी वाढवतो. म्हणून नातेवाइकांना पहिला प्रश्न हाच विचारावा: डबा कुठे आहे? डबा शेतात राहिला असेल तर फोनवरून लेबलचा फोटो मागवा. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्हींची नावे लिहा. गावातल्या कृषी केंद्राच्या बिलावरूनही नाव मिळते.

ऑर्गॅनोफॉस्फरस निश्चित असेल तर हात आखडता घेऊ नका. ॲट्रोपिन १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच ॲम्प्युल, शिरेतून द्या. दर पाच मिनिटांनी पाहा, उतार नसेल तर मात्रा दुप्पट करा. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, सिस्टॉलिक रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या, ही आपली खूण. त्याआधी, किंवा निदान त्याच वेळी, कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग, केस, नखे धुवायला लावा. स्वतः हातमोजे घाला. विष कातडीतून गेले असेल तर पोट धुऊन काही साधत नाही, वेळ मात्र जातो. आणि पेशंट सावरला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडू नका. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. रोज फेरीच्या वेळी उताणे झोपवून डोके उशीवरून उचलायला सांगा. उचलता आले नाही तर श्वास अडण्याची वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी, अकोल्याच्या सर्वोपचारला किंवा जवळच्या आयसीयूत, हलवा.

केसपेपरवरची दुसरी बाब विषाच्या वाटेची आहे. फवारताना बाधा झाली की विष पोटात घेतले, हे स्पष्ट लिहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेच्या मृत्यूला दोन लाखांची मदत आहे, आत्महत्येला नाही. पहिल्या कागदावर नुसते ‘विषबाधा’ असेल तर विधवेला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. याचा अर्थ सहानुभूतीपोटी खोटे लिहा असा मुळीच नाही. विष घेतले असेल तर तेही खरे लिहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, तेव्हा शिक्षेच्या भीतीने लपवायचे कारण उरत नाही. आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारा मारणारा मजूर शेतकऱ्याच्या योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी तर आपली नोंद हाच अनेकदा एकमेव पुरावा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांच्या कामाची. कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण कळवायला हातात नोंदी असाव्या लागतात. नोंदींनी काय साधते, याचे उदाहरण जवळचेच आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० पेशंटांवर केलेला प्रॅलिडॉक्सिमचा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. सतत दिलेल्या मात्रेने फायदा होतो असे त्यांना आढळले. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासाला तसा फायदा दिसला नाही, आणि वाद अजून संपलेला नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी बसून जगाला दखल घ्यायला लावता येते, ते शिस्तीने ठेवलेल्या नोंदींमुळे. पेशंटांची वानवा वऱ्हाडाला कधीच नव्हती, लिहून ठेवण्यात आपण मागे पडलो.

तेव्हा या हंगामात प्रत्येक केसपेपरवर पाच गोष्टी लिहाव्यात: औषधाचे नाव, मिसळलेले दुसरे औषध, फवारणी सुरू केल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ, विष कोणत्या वाटेने गेले, आणि पेशंट शेतमालक की मजूर. प्रॅलिडॉक्सिम देण्याआधी कोलिनेस्टरेजसाठी रक्त काढून ठेवावे. महिन्याअखेरीस, पेशंटचे नाव वगळून, या नोंदी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्याव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. पुढच्या वर्षी कोणते औषध दुकानातून हटवायचे हा प्रश्न निघेल, तेव्हा अकोला आणि अमरावतीच्या डॉक्टरांकडे अंदाजाऐवजी आकडे असले पाहिजेत.