मेंढीची ढेकर आणि कोकराचा हिशेब



मेंढ्यांमुळे हवा तापते, असे अलीकडे तुमच्या कानावर येत असेल. त्यात तथ्य किती, ते पाहू.

मेंढी रवंथ करणारे जनावर. तिच्या कोठीपोटात चारा आंबतो, मिथेन वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. आपल्याकडच्या एका मेंढीमागे वर्षाला सुमारे ५ किलो मिथेन धरतात.

आता दोन पद्धती ताडून पाहा. दिवाळीनंतर धनगर बांधव कळप घेऊन कोकणात उतरतात. मेंढ्या कापणी झालेल्या रानातला पाला, धसकटे खातात आणि रात्री शेतात बसतात. या चाऱ्याला ना युरिया लागतो, ना पंपाचे डिझेल. पसरलेली लेंडी वाळते, तिच्यातून मिथेन फारसा निघत नाही. मात्र चारा निकस असला की कोकरू सावकाश वाढते आणि तितके दिवस ढेकरा चालूच राहतात.

बंदिस्त मेंढीपालनात खुराकावर कोकरू लवकर विक्रीला येते, म्हणून मटणाच्या किलोमागे ढेकरेचा मिथेन कमी पडतो. पण मका, घास पिकवायला खत, पाणी, वीज लागते. युरियातून नायट्रस ऑक्साइड उडतो, तो मिथेनहूनही कितीतरी पट जालीम. लेंडीचा ढीग ओला राहिला, तर त्यातूनही मिथेन निघतो.

तेव्हा एकाच पद्धतीला दोष देणे बरोबर नाही. दोन्हीकडे खरे नुकसान होते ते चारा खाऊन कोकरू न देणाऱ्या मेंढीमुळे आणि मरणाऱ्या कोकरांमुळे. उदाहरणादाखल, १०० मेंढ्या वर्षाला ५०० किलो मिथेन सोडतात. त्यांची ६० कोकरे जगली, तर प्रत्येकामागे सव्वाआठ किलो पडतो. ८० जगली, तर सव्वासहाच. शिवाय वीस कोकरांचे पैसे घरात येतात, ते वेगळेच.

म्हणून भाकड मेंढ्या वेळेवर काढा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाजा. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना थोडा खुराक द्या. लेंडीखत कोरडे ठेवा. जगलेले प्रत्येक कोकरू तुमच्या संसाराला आधार देईल आणि हवेवरचा भारही हलका करील.