अनेक विद्यापीठे, एक पदवी आणि एक गहाणखत

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे हे नाव मराठी वाचकास ठाऊक असलेच, तर ते काबिनी जलाशयाच्या काठी उन्हाळ्यात जमणाऱ्या हत्तींमुळे. (पूर्ण नाव हेग्गडदेवनकोटे, पण ते उच्चारण्याचा खटाटोप फारसे कोणी करीत नाही.) शेजारच्या नागरहोळेच्या अरण्यात डॉ. उल्लास कारंथ यांनी १९८६ पासून वाघांचा शास्त्रीय अभ्यास केला. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात घेतले. अरण्य येथे आणि पदवी तेथे, ही वाट तशी जुनीच आहे.

आता ती वाट एकाच विद्यापीठाशी थांबत नाही. युरोपीय संघाने २००४ साली सुरू केलेल्या 'इरॅस्मस मुंडुस' योजनेतील संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. ब्रसेल्सच्या विद्यापीठाने चालविलेला 'ट्रॉपिमुंडो' हा त्यांपैकीच एक. त्याचा विषय उष्ण कटिबंधातील जैवविविधता हा असून, त्यातील एक सत्र प्रत्यक्ष उष्ण कटिबंधातील विद्यापीठात घालवावयाचे असते. ज्या मुलीचे बालपण अरण्याच्या वेशीवर गेले, तिने अशा अभ्यासक्रमाचे स्वप्न पाहावे यात नवल ते काय?

प्रश्न आहे तो पैशाचा. शिष्यवृत्ती लाभली तर शिक्षणशुल्क माफ होते व दरमहा १,४०० युरो, अधिकाधिक २४ महिने, म्हणजे एकूण ३३,६०० युरो मिळतात. प्रवास, व्हिसा व निर्वाह मात्र त्यातूनच भागवावा लागतो. काटकसरीने राहणाऱ्यास ही रक्कम पुरावी. परंतु प्रवेश मिळणे म्हणजे शिष्यवृत्ती मिळणे नव्हे. अनेकांना 'स्वखर्चाने यावे' असे पत्र येते, आणि घरी पेढे वाटले जातात ते या दोहोंतील भेद लक्षात न घेताच.

स्वखर्चाची जागा म्हणजे बहुधा कर्ज. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास साधारणतः स्थावर तारण लागते. शेतकऱ्यापाशी ते म्हणजे जमीन. १९७४ साली पूर्ण झालेल्या काबिनी धरणाखाली या भागातील गावे गेली, आणि अरण्याच्या संरक्षणासाठी आदिवासी कुटुंबांनाही हलविण्यात आले. अशा ठिकाणी उरलेल्या जमिनीचे गहाणखत ही किरकोळ बाब मानता येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शिष्यवृत्ती असेल तर निःशंकपणे जावे. नसेल तर जमीन तारण ठेवून जाऊ नये. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. एक वर्ष वाया जाते हे खरे, पण वीस-बावीस वर्षांच्या वयास ते सोसते. साठीतल्या पित्यास हप्ता सोसत नाही. कर्ज रुपयांत, खर्च युरोत आणि मिळकत कोणत्या चलनात हे अनिश्चित, असा हा व्यवहार आहे.

ज्यांना तारणाची चिंता नाही, त्यांनीही खर्चाचा अंदाज सत्रागणिक मांडावा. देश बदलला की भाडे, विमा व अनामत बदलते. काही ठिकाणी नवा वास्तव्य-परवानाही लागतो. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या राखीव खात्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम ठरविली. ही रक्कम ऐन वेळी उभी राहत नाही. म्हणून कर्जाच्या अर्जात एका विद्यापीठाचे शुल्क लिहून थांबू नये; संपूर्ण प्रवासाचे वेळापत्रक शाखाधिकाऱ्यापुढे ठेवावे. आमच्या व्यवसायबंधूंनीही ते मागून घ्यावे. 'एक विद्यापीठ, एक देश' या चौकटीत बसत नाही म्हणून अर्ज बाजूला सारणे हे सोयीचे खरे, पण न्याय्य नाही.

अखेरीस हाती काय येणार, हेही आधीच विचारावे. काही अभ्यासक्रम एकच संयुक्त पदवीपत्र देतात, तर काही प्रत्येक विद्यापीठाचे निराळे. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसंबंधीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली नव्याने जाहीर केले आहेत. परत येऊन वनखात्यात वा महाविद्यालयात नोकरी करू इच्छिणाऱ्याने ते वाचूनच प्रवेशपत्रावर स्वाक्षरी करावी. अर्ज थेट अभ्यासक्रमाच्या समन्वयकाकडेच जातो. त्यासाठी मध्यस्थास पैसे मोजण्याचे कारण नाही.