कार्ड काढा आणि गोळ्याही मागा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विषय निघाला की घरोघरी दोन तट पडतात. एक म्हणतो, पाच लाखांची सोय झाली, चिंता मिटली. दुसरा म्हणतो, सरकारचा पैसा खासगी रुग्णालयांच्या घशात चालला. दोघांनाही माझी विनंती आहे. वाद घालण्याआधी, गेल्या वर्षी आपल्या घरात दुखण्यावर जो पैसा गेला तो नेमका कशावर गेला, हे एकदा वहीत मांडून बघा.

योजनेनं माणसं वाचवली आहेत, हे मी ठामपणे सांगेन. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं ती ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ च्या शासन निर्णयानं ती ५ लाखांवर गेली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची घरंही आत आली. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी करायची तर पूर्वी कित्येकांना शेत गहाण टाकावं लागे. योजना बंदच करा म्हणणाऱ्यांनी अशा एखाद्या घरी जाऊन यावं.

पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, लेकराचा ताप, हे सगळं तिच्या बाहेर राहतं. तुमच्या वहीत बहुतेक आकडे इथलेच निघतील. परवडत नाही म्हणून माणूस गोळी मधेच सोडतो, काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होतात आणि मग डायलिसिसचा खर्च योजना उचलते. आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं घातलेले हेलपाटे आणि सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी मात्र त्या घरावरच पडते. स्वस्तातली गोळी वेळेवर द्यायची नाही आणि महागडा उपचार मात्र फुकट द्यायचा, हा मला अन्याय वाटतो.

त्यामुळे मर्यादा आणखी किती वाढवायची, यापेक्षा सरकारी दवाखान्याचं काय करणार, हा प्रश्न मोठा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथे औषध नाही, शल्यचिकित्सकाची जागा रिकामी आहे, असं ऐकून आपण मुकाट्यानं मेडिकल दुकानाकडे वळतो. तसं वळू नका. योजनेतल्या रुग्णावर सरकारी रुग्णालयात उपचार झाले तर त्या उपचाराची रक्कम त्या रुग्णालयाला मिळते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला अशी किती रक्कम मिळाली आणि ती कशावर खर्च झाली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कार्डाचं म्हणाल तर आजारपण येण्याआधीच काढून ठेवा. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, त्यांचं आयुष्मान भारत या केंद्राच्या योजनेचं वेगळं कार्ड निघतं. त्यावर आपलाच मोबाइल नंबर आहे ना, हे तपासा. २०२३ मध्ये कॅगच्या तपासणीत आयुष्मान भारतचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच नंबरला जोडलेले आढळले होते. योजनेशी जोडलेल्या म्हणजे अंगीकृत रुग्णालयात गेलात की आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. दर परवडत नाहीत, बिलं उशिरा मिळतात, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. तिच्यात तथ्य असलं तरी तो हिशेब त्यांनी सरकारशी करायचा आहे. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वरचे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

आणि येत्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या वर्षभरात किती दिवस संपलेल्या होत्या, हे सगळ्यांसमोर विचारा आणि त्यांचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.