टॉवेलाचे वजन

दिवाळीच्या आधी दोन आठवडे घराघरांत एक ठराव एकमताने मंजूर होतो : यंदा टॉवेल बदलायचे. जुने टॉवेल समोर दोरीवर वाळतच असतात. कडा उसवलेल्या, रंग विटलेला, आणि अंग पुसण्यापेक्षा खरवडण्याच्याच कामाचे उरलेले. अभ्यंगस्नानाला आलेल्या जावयाच्या हाती हेच द्यायचे का, असा प्रश्न आईने विचारला की पुढे चर्चा होत नसते. मंडळी दुकानात जातात. दुकानदार गठ्ठा सोडतो, आपण टॉवेल गालाला लावून पाहतो, ‘मऊ आहे’ म्हणतो आणि खरेदी आटोपते. तांदळाचा दाणा चावून पाहणारे आणि साडीचा पदर उलगडल्याशिवाय पैसे न देणारे आपण टॉवेलाच्या बाबतीत इतके भोळे कसे?

हा भोळेपणा पहिल्याच आंघोळीला उघडा पडतो. नवा टॉवेल पाणी टिपत नाही, नुसते अंगावर इकडून तिकडे फिरवतो. कारण दुकानात जाणवणारा मऊपणा पुष्कळदा सुताचा नसतो. शेवटच्या प्रक्रियेत वरून दिलेल्या रसायनाचा असतो. तो थर पाण्याला आत शिरू देत नाही. दोन-तीनदा धुतल्यावर तो जातो आणि मग खरा टॉवेल दिसू लागतो. कधी तो चांगला निघतो, कधी नुसती जाळी हाती राहते. धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालण्याची हौसही अशीच अंगाशी येते. टॉवेल सुगंधी होतो, पण पाणी पिणे विसरतो.

पाणी पिण्याची ही विद्या येते विणीतून. टॉवेलाला उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणून बसवलेला, दुसरा सैल सोडलेला. दोन आडवे धागे थोडे मागे थांबवतात. तिसरा आला की फणी तिन्ही एकदम पुढे रेटते आणि सैल धागे उसळून त्यांचे बारीक लूप उभे राहतात. ही वीण मूळची तुर्कस्तानची, म्हणून आपल्या आजोबांच्या तोंडी ‘टर्किश टॉवेल’ हा शब्द होता. हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रजाने ती तिथे पाहिली, त्याच्या घराण्याच्या गिरणीने ती यंत्रावर आणली, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हे टॉवेल लोकांनी कौतुकाने पाहिले. काळाची गंमत अशी की २००६ मध्ये हीच ख्रिस्टी कंपनी भारताच्या वेलस्पनने विकत घेतली. मँचेस्टरने आपले माग बसवले असे शाळेत शिकलेल्या पिढीला ही बातमी वाचून थोडे बरे वाटले असेल.

तेव्हा टॉवेल निवडायचा तो गालाने नव्हे, काट्याने. लूप जितके दाट आणि उंच तितके सूत जास्त, आणि सूत जास्त तितके वजन जास्त. व्यापारी ज्याला ‘जीएसएम’ म्हणतात ते दुसरे काही नाही, एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. ७५ सेंटीमीटर रुंद आणि १५० सेंटीमीटर लांब टॉवेल अर्धा किलो भरला तर त्याचा आकडा साडेचारशेच्या आसपास येतो. रोजच्या वापराला तो पुरेसा आहे. पण जाड ते चांगले असाही हट्ट नको. सहाशेच्या वरचा गुबगुबीत टॉवेल हॉटेलात शोभतो, कारण तिथे तो यंत्रात वाळवतात. मुंबईच्या दोन खोल्यांत किंवा रत्नागिरीच्या पडवीत जुलै महिन्यात तो तीन दिवस ओलाच राहतो आणि चौथ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. पावसाळ्यापुरता तीनशे-साडेतीनशेचा हलका टॉवेल घेणारा माणूस कंजूष नव्हे, शहाणा. आपल्या वाडवडिलांनी पंचा वापरला तो केवळ गरिबीने नव्हे. तो पिळायला सोपा आणि घटकाभरात वाळणारा होता.

वजनासारखीच चिठ्ठीही वाचावी. शंभर टक्के सुती आहे की पॉलिएस्टरची भेसळ, हे तिथे लिहिलेले असते. मात्र चिठ्ठीवरही आंधळा विश्वास नको. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पनशी व्यवहार थांबवला. ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस निघाला होता. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाला हे कळायला दोन वर्षे लागली, मग आपली काय कथा?

एवढे सारे ठाऊक झाले तरी बाजारात हलक्या टॉवेलांचे ढीग कमी होत नाहीत. त्याला आपली एक चाल कारणीभूत आहे : टॉवेल-टोपी. लग्न असो, बारसे असो, निवृत्तीचा सत्कार असो, पाहुण्याच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी पडल्याशिवाय कार्य पुरे होत नाही. हा टॉवेल अंग पुसायला नसतोच. तो घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. ज्या वस्तूला पाणी कधी लागणारच नाही तिची पारख कोण करील? घेणारा फक्त एकच प्रश्न विचारतो, डझनाला काय पडेल?

या प्रश्नाचे उत्तर शेवटी सोलापूरला द्यावे लागते. १८७७ साली तिथे पहिली कापडगिरणी निघाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमागाचा आणि पुढे यंत्रमागाचा संसार मांडला. मोठ्या गिरण्यांचे भोंगे विसावे शतक संपता संपता एकेक करून थांबत गेले; शहर तगले ते या लहान मागांवर, चादरी आणि टॉवेलांवर. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेलालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाहेरचा माल सोलापूरच्या नावावर खपवला जातो, ही तिथली जुनी तक्रार आहे. नाव जपण्याचा कायदा झाला. पण दुकानात उभे राहून ‘हा खरोखर सोलापूरचा का?’ असे विचारणारे गिऱ्हाईक कायद्याने तयार होत नाही.

२०२५ साल या धंद्याला फार जड गेले. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. अमेरिकेच्या न्हाणीघरांतले कितीतरी टॉवेल भारतातून जातात. ते शुल्क पुढे खालीवर झाले तरी एक धडा कायम राहिला. परदेशी बाजार अडला की मोठ्या कारखान्यांचा माल घरच्या बाजाराकडे वळतो आणि लहान मागवाल्याच्या पोटावर येतो. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. पण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याचा कापूस नेमका त्याच महिन्यांत घरात येतो. तेव्हा एकाच टॉवेलाच्या दोन टोकांना आपलीच माणसे उभी होती आणि दोघांचे हित उलटे होते. २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरल्याचा गाजावाजा झाला खरा, पण हजार रुपयांच्या आतल्या टॉवेलावर आधीही पाचच टक्के कर होता आणि नंतरही पाचच राहिला.

आणि त्याआधी, १८ मे रोजी, तोही रविवारच होता, सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, कामगार होते आणि एक लहान मूलही होते. मालक आणि मजूर एकाच धुरात गुदमरावेत, इतके त्या धंद्यात घर आणि कारखाना एकमेकांना चिकटून आहेत. त्या आगीचा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण सुताचे गठ्ठे, उडणारे तूस आणि विजेच्या तारा यांच्या शेजारी माणसे झोपतात, हे त्या दिवशी कळले आणि आठवड्याभरात आपण विसरलोही. बाहेर पडायला दुसरे दार, तपासलेली वायरिंग, झोपायला वेगळी जागा, या साऱ्याला पैसा लागतो. आणि डझनाच्या भावात त्याचा रकाना नसतो.

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? आपण काही कारखाने तपासायला जाणार नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. सहाच्या जागी चार घ्यावेत, पण भारी घ्यावेत. नीट वाळवलेला चांगला टॉवेल वर्षानुवर्षे टिकतो आणि शेवटी स्वस्तच पडतो. दुकानदाराला वजन विचारावे, कुठे विणला हेही विचारावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी तो उत्तर तयार ठेवतो. आणि आहेर करायचाच असेल तर वापरता येईल असा एक चांगला नॅपकिन द्यावा, नाहीतर हात जोडावेत. कपाटात जन्म काढणारा टॉवेल देऊन घेणाऱ्याचाही मान होत नाही आणि विणणाऱ्याचाही.

या दिवाळीला गालाला लावण्याआधी टॉवेल जरा तळहातावर तोलून पाहा. त्याच्या वजनात सूत किती आहे ते कळेल. विणणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र कुठल्याच काट्यावर दिसत नाही. तेवढ्यासाठी दुकानात दोन प्रश्न विचारावे लागतात.